प्रशिक्षण कोणासाठी?
(संस्थेच्या कर्मचारी व विद्यार्थी अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आजच्या शिबिरात ‘कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण’ या विषयावर बोलण्याची जबाबदारी कार्यकारी मंडळाने आमच्या प्रशिक्षण गटावर सोपविली आहे. विषय तसा रूक्ष वाटेल. धम्म, साहित्य, चळवळ हे विषय सोडून प्रशिक्षणावर कसले भाषण, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे कुठल्या ना कुठल्या खात्यात नोकरी करतात. कोणी महानगरपालिकेत, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात. समोर बसलेले विद्यार्थी उद्या नोकरीला लागणार आहेत. आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या नोकरीच्या आधारावर उभ्या राहिल्या. त्या नोकरीत माणूस टिकतो की खचतो, वर जातो की तिथेच राहतो, आणि काही कामांत तर संध्याकाळी घरी परततो की नाही, हे त्याला काय शिकविले गेले यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रशिक्षण म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय येते? एक सभागृह. समोर साहेब लोक. कोणीतरी तज्ज्ञ येतो, पडद्यावर इंग्रजी अक्षरे दाखवितो, दीड तास बोलतो. मग चहा-बिस्कीट, हजेरीपटावर सही, प्रमाणपत्र आणि फोटो. खात्याच्या अहवालात नोंद होते : अमुक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. दुसऱ्या दिवशी कर्मचारी कामावर जातो आणि काल जसे काम करीत होता तसेच आजही करतो. यात दोष कोणाचा? पुष्कळदा उत्तर मिळते की, ‘या लोकांना शिकायचेच नसते.’ आमच्या मते हे उत्तर खोटे आहे. ज्या माणसाचे आजोबा शाळेच्या ओसरीबाहेर बसून अक्षर शिकले, त्याला शिकायचे नसते असे म्हणणे हा त्याच्या इतिहासाचा अपमान आहे. खरी गोष्ट अशी की, तो अभ्यासक्रम शिकविणाऱ्याच्या सोयीने तयार झालेला असतो. शिकणाऱ्याला काय हवे आहे, हे कोणी विचारलेलेच नसते.

बंधू-भगिनींनो, शिकणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करावी, हा विचार आज व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके सांगतात. आपल्याला मात्र तो अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. भगवान बुद्धांसारखा शिक्षक जगाने क्वचितच पाहिला असेल. बौद्ध वाङ्मयातील चार प्रसंग आम्ही आपल्यापुढे ठेवतो. आपण ते ऐकलेले असतील, पण आज प्रशिक्षकाच्या नजरेने पाहू.

पहिला प्रसंग चूळपंथकाचा. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू होता. त्याने कंटाळून चूळपंथकाला संघ सोडून जाण्यास सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर ‘उमेदवार अपात्र’ असा शेरा मारला. बुद्धांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. हातात एक पांढरे स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत बसावयास सांगितले. हाताच्या घामाने वस्त्र मळले. पांढरे होते ते मळके झाले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि अनित्यतेचा अर्थ त्याला उमगला. अभ्यासक्रमाचे ध्येय बदलले नाही, पद्धत बदलली. शब्दाने न शिकणारा माणूस हाताने शिकला.

दुसरा प्रसंग सोण कोळिविसाचा. श्रीमंताघरचा हा तरुण भिक्खू झाल्यावर इतका अतिरेकी परिश्रम करू लागला की पाय रक्तबंबाळ झाले आणि शेवटी निराश झाला. बुद्धांना ठाऊक होते की गृहस्थाश्रमात हा वीणा उत्तम वाजवीत असे. त्यांनी त्याला वीणेविषयीच प्रश्न विचारले. तार फार ताणली तर काय होते? फार ढिली सोडली तर? उत्तरे सोणानेच दिली आणि धडाही त्यालाच सापडला. प्रौढ माणूस रिकामे मडके घेऊन येत नाही, त्याच्यापाशी काहीतरी येत असते. शिकवणे तिथून सुरू करावे लागते.

तिसरा प्रसंग आळवी नगरातील शेतकऱ्याचा. त्याचा बैल हरवला. दिवसभर शोधून, बैल सापडल्यावर, तो उपाशीपोटी धम्म ऐकावयास आला. बुद्धांनी आधी त्याला जेवावयास घालण्यास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेश केला. काही भिक्खूंना हे खटकले. पण भुकेल्या माणसाला व्याख्यान ऐकू येत नाही, हे बुद्ध जाणत होते. आठ तासांची पाळी संपवून आलेल्या कामगाराला प्रशिक्षणासाठी आणखी दोन तास बसविणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही कथा भिंतीवर लावावी.

चौथा प्रसंग भाषेचा. यमेळु आणि तेकुल नावाच्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन वैदिक छंदभाषेत बांधावे अशी परवानगी मागितली. बुद्धांनी ती नाकारली आणि लोकांनी आपापल्या बोलीत ते शिकावे अशी मुभा दिली, असा या प्रसंगाचा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. शहाण्याची भाषा आणि शिकणाऱ्याची भाषा यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी शिकणाऱ्याची भाषा निवडली.

बाबासाहेबांच्या कार्यातही हेच सूत्र दिसते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कामगाराला हुनर मिळाले पाहिजे, हा प्रश्न त्यांनी सत्तेच्या जागी बसून हाताळला. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयासोबत रात्रशाळाही चालविली. दिवसा पोटासाठी राबणाऱ्याला दिवसाची शाळा कितीही चांगली असली तरी निरुपयोगी असते. त्याची गरज रात्रीची आहे, तर शाळा रात्री भरली पाहिजे. शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणे चालावे, एवढी साधी गोष्ट त्यात आहे.

ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरे या शिक्षणतज्ज्ञाने 1963 साली अंजिकोस या गावी सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचावयास शिकविण्याचा प्रयोग केला. वर्ग सुरू करण्यापूर्वी त्याचे सहकारी लोकांत मिसळले आणि त्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले. ‘वीट’ यासारखा त्यांच्या रोजच्या कामातला शब्द धरून अक्षरओळख सुरू झाली आणि शब्दाबरोबरच ‘ही वीट कोण भाजतो, घर कोणाचे होते’ ही चर्चाही. पुढल्याच वर्षी लष्करी राजवटीने फ्रेरेला तुरुंगात टाकले. गरजेपासून सुरू होणारे शिक्षण सत्तेला का खुपते, याचे उत्तर यात आहे.

आता आपल्याकडील एक उदाहरण सविस्तर घेऊ. आम्ही मुद्दामच मलनिःसारण कामगाराचे उदाहरण निवडले आहे. हे काम जातीने कोणाच्या वाट्याला आले ते सांगावयास नको.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा 1993 सालचा. त्यानंतर 2013 चा कायदा आला आणि तो लागू झाला 6 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविणे या कायद्याने गुन्हा आहे. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये ही भरपाई तीस लाख करण्यात आली. कायदा आहे, निकाल आहेत, तरीही मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

या कामगारांसाठी प्रशिक्षण होत नाही असे नाही. होते. पण ते कसे असते? सभागृहात, मोठ्या समुदायाला, कायद्याची कलमे वाचून दाखविली जातात. हातमोजे वापरा, मास्क लावा, असा उपदेश होतो. आता आपण उलट बाजूने सुरुवात करू आणि विचारू : या माणसाला जिवंत राहण्यासाठी नेमके काय ठाऊक असावयास हवे?

गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग एवढे त्याचे प्रमाण झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास नाहीसा झाला तेव्हा माणसाला वाटते की धोका गेला, आणि नेमका तेव्हाच मृत्यू जवळ आलेला असतो. प्रमाण पाचशे ते हजारापर्यंत गेले तर काही क्षणांत शुद्ध हरपते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. त्याच्या जोडीला मिथेन, जो ठिणगीने पेट घेतो. आणि प्राणवायूची कमतरता. साध्या हवेत प्राणवायू सुमारे एकवीस टक्के असतो. साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात.

जुना कामगार या सर्वांतले काहीच जाणत नाही असे नाही. झाकण उघडून थोडा वेळ थांबायचे, झुरळे हिंडताना दिसतात का पाहायचे, अशा खुणा तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. सोणाची वीणा ती हीच. प्रशिक्षकाने ‘हे सर्व अडाणीपणाचे आहे’ म्हणून सुरुवात केली तर कान बंद होतात. त्याऐवजी विचारावे : तुम्ही कसे ओळखता? कधी फसलात का? झुरळे होती तरीही कोणाला चक्कर आली का? मग त्यांच्याच अनुभवातून दिसू लागते की, झाकण उघडून थांबणे योग्य आहे पण पुरेसे नाही. झुरळाची खूण भरवशाची नाही. आणि काही ठिकाणी काडी पेटवून पाहतात ती पद्धत तर मिथेनमुळे प्राणघातक आहे. त्यानंतर वायुमापक यंत्र हातात दिले तर त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

यातील सर्वांत मोठा धडा निराळाच आहे. अशा दुर्घटनांच्या बातम्या पाहा. एक माणूस उतरतो, तो बेशुद्ध पडतो. दुसरा त्याला वाचवायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. दुसरा आणि तिसरा निष्काळजीपणामुळे मेलेले नाहीत, ते माणुसकीमुळे मेले आहेत. खाली पडलेला त्याचा भाऊ असतो, मेव्हणा असतो, एकाच वस्तीतला असतो. ‘उतरू नका’ असे फळ्यावर लिहून हा मोह आवरत नाही. त्यासाठी वरच्या माणसाच्या हातात दुसरा उपाय असावा लागतो : आधीच बांधलेला पट्टा व दोर, तोंडावर तिपाई, न उतरता माणूस वर ओढण्याचा सराव. हा सराव पुन्हा पुन्हा, कोरड्या सुरक्षित चेंबरवर, वजनाची गोणी बांधून करून घ्यावा लागतो. संकटाच्या क्षणी भाषण आठवत नाही; हाताला जी सवय लागली असेल तेच हात करतो. चूळपंथकाचे वस्त्र आठवावे.

याप्रमाणे गरज पाहून अभ्यासक्रम आखला तर तो कसा होईल? आम्ही पुढील रूपरेषा सुचवितो.

पहिले, वर्गापूर्वी प्रशिक्षकाने दोन पाळ्या चौकीवर जाऊन काम पाहावे. मुकादमाशी आणि कामगारांशी वेगवेगळे बोलावे, कारण मुकादमासमोर कामगार खरे सांगत नाही.

दुसरे, ध्येय एका वाक्यात लिहावे आणि ते ‘करण्याचे’ असावे, ‘जाणण्याचे’ नव्हे. ‘कामगारास वायूंची माहिती होईल’ हे ध्येय नव्हे. ‘कामगार यंत्राने हवा मोजेल, आकडा वाचेल आणि धोका असल्यास काम थांबवील’ हे ध्येय होय.

तिसरे, वर्ग बारा-पंधरा जणांचा, चौकीवर, कामाच्या वेळेत आणि भरपगारी असावा. कंत्राटी कामगार त्यात असलाच पाहिजे. कायम कामगारास प्रशिक्षण आणि कंत्राटी कामगारास गटार, असा आज अनेक ठिकाणी न्याय आहे.

चौथे, भाषा शिकणाऱ्याची. मुंबईसारख्या शहरात एकाच चौकीवर मराठी, गुजराती, तमिळ बोलणारे कामगार असतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रे आणि रंग वापरावे.

पाचवे, मुकादम आणि कनिष्ठ अभियंता यांनाही त्याच वर्गात बसवावे. काम थांबविण्याचा हक्क कामगाराला शिकविला आणि साहेबाला तो मान्य नसेल, तर शिकविलेले सर्व पाण्यात.

सहावे, परीक्षा लेखी नको, करून दाखविण्याची हवी. आणि तीन महिन्यांनी पुन्हा चौकीवर जाऊन पाहावे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने 1959 साली प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : माणसाला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामात ते वापरतो का, आणि त्यामुळे परिणामात फरक पडला का. आपली खाती बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतात, ‘कार्यक्रम छान झाला’ म्हणतात. आपल्या उदाहरणात चौथी पायरी एकच आहे : माणसे मरावयाची थांबली का?

इथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. प्रत्येक गरज प्रशिक्षणाची नसते. चौकीवर वायुमापक यंत्रच नसेल, पट्टा तुटका असेल, तर ती उणीव कामगाराच्या ज्ञानाची नाही, प्रशासनाची आहे. अशा वेळी प्रशिक्षण देणे म्हणजे जबाबदारी वरून खाली ढकलणे होय. उद्या अपघात झाला तर ‘त्याला प्रशिक्षण दिले होते’ असे कागद दाखविता येतात. आणि शेवटचे ध्येय माणसाला अधिक चांगल्या रीतीने गटारात उतरविणे हे नाहीच. शोषण आणि जलदाबाची यंत्रे चालविण्याचे शिक्षण याच कामगारांना मिळावे, यंत्र आले म्हणजे त्यांच्या जागी बाहेरचा माणूस येऊ नये, हे खरे ध्येय. 2023 साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत सुरक्षा साधने व प्रशिक्षण यांची तरतूद आहे. ती आपल्या वस्तीतील माणसापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे.

दुसरी एक गरज थोडक्यात सांगतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. आज त्या जागेवर पदवीधर मुलेही लागतात. त्यांच्या हातात झाडू देऊन ‘झाडू कसा मारावा’ हे शिकविणे ही त्यांची गरज नव्हे. खात्यांतर्गत परीक्षा, टंकलेखन, संगणक, सेवानियम ही त्यांची गरज. तसेच पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेली भगिनी पाहा. घरात लहान मुले, मनावर दुःखाचा भार, आणि समोर फायली. तिला प्रशिक्षण संध्याकाळी ठेवले तर ती येणार नाही, आणि मग शेरा पडेल ‘उत्साह नाही.’ तिची पहिली गरज वेळेची आहे, दुसरी अशा एका ज्येष्ठ सहकाऱ्याची, जिला न लाजता प्रश्न विचारता येईल.

कागदावर हे सर्व सरकारलाही मान्य आहे. केंद्राचे राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण 1996 साली जाहीर झाले, 2012 साली ते सुधारले गेले, आणि 2020 साली ‘मिशन कर्मयोगी’ आले. कर्मचाऱ्याच्या भूमिकेनुसार प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ‘आमच्या खात्यात गरजांची पाहणी झाली का?’ हा प्रश्न विचारण्याचा आधार आपल्याला त्यातून मिळतो. तो प्रश्न युनियनने विचारावा, मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी विचारावा.

विद्यार्थी मित्रहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यातील कोणी अधिकारी होईल, कोणी अभियंता, कोणी शिक्षक. एक दिवस तुम्ही व्यासपीठावर असाल आणि समोर तुमच्या वडिलांसारखी माणसे बसलेली असतील. त्या दिवशी बोलण्यापूर्वी विचारा. त्यांना काय येते ते आधी शोधा. ती जेवून आली आहेत का, ते पाहा. आणि तुमचे बोलणे त्यांना समजले नाही तर दोष त्यांच्या डोक्यात शोधू नका, आपल्या पद्धतीत शोधा. महापंथकाने भावाला घालवून दिले. बुद्धांनी त्याच्या हातात वस्त्र दिले. यांपैकी कोणाच्या मार्गाने जायचे ते तुम्ही ठरवायचे आहे.

संस्थेपुढे आम्ही एक विनंती ठेवतो. येत्या वर्षी कार्यकारी मंडळाने आपल्या सभासद कर्मचाऱ्यांची साधी पाहणी करावी. तीनच प्रश्न : तुमच्या कामात कशामुळे अडते? त्यातले शिकून सुटेल असे काय? आणि तुम्हांला कोणत्या दिवशी, किती वाजता येता येईल? या उत्तरांवरून रविवारचे वर्ग ठरवावेत. शिकविण्यास आपल्यातीलच निवृत्त लेखनिक, मुकादम, परिचारिका, मेकॅनिक पुष्कळ आहेत. विहार वंदनेसाठी उघडतोच, तो शिकण्यासाठीही उघडावा.



नमो बुद्धाय! जय भीम!